विहीणबाईंचा शनिवार

केसांविषयी आपली भाषा मोठी बोलकी आहे. एखाद्याला अभय द्यायचे म्हटले की आपण त्याच्या केसालाही धक्का लागू देणार नाही म्हणतो; कुणी गोड बोलून दगा दिला की त्याने केसाने गळा कापला म्हणतो. द्रौपदीच्या मोकळ्या केसांची गोष्ट आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. आणि ज्या समाजाला स्त्रीला तिची पायरी दाखवून द्यायची असते तो आधी तिच्या केसांना हात घालतो, हेही आपल्याला नवे नाही. आपल्या पणज्या-खापरपणज्यांच्या पिढीतील केशवपने आठवली की अजून अंगावर काटा येतो.

हे सारे माहीत असूनही, लहान मुलीचे केस विंचरणे हा एवढा मोठा विषय असेल, त्यापायी कोर्टात खटले उभे राहतील आणि कायदेमंडळात विधेयके येतील, असे पुण्यात राहून मला कधी वाटले नसते. ते कळायला मला शिकागोला जावे लागले आणि आमच्या विहीणबाईंच्या हाताखाली उमेदवारी करावी लागली.

आमच्या धाकट्या चिरंजीवांनी शिकागोतल्या एका कृष्णवर्णीय मुलीशी लग्न केले, त्याला आता बारा वर्षे झाली. सूनबाई शाळेत गणित शिकवतात. नात सात वर्षांची आहे. डोळे माझ्या सासूबाईंचे, नाक आमच्या ह्यांचे, आणि केस मात्र सर्वस्वी आजोळचे: काळेभोर, दाट आणि पेन्सिलीभोवती गुंडाळल्यासारख्या बारीक वेटोळ्यांचे. विहीणबाई बहात्तर वर्षांच्या, निवृत्त परिचारिका. त्यांचे आईवडील मिसिसिपीतून शिकागोला आले. विसाव्या शतकात दक्षिणेतली लाखो कृष्णवर्णीय कुटुंबे जशी उत्तरेतल्या शहरांकडे आली, त्याच ओघात. मी दरवर्षी चार-पाच महिने मुलाकडे असते. त्या मुक्कामातले शनिवार विहीणबाईंचे. शनिवारी सकाळी त्या पिशवी घेऊन येतात, नातीला पुढ्यात बसवतात आणि मग दुपार होईपर्यंत त्या घरात दुसरे काही घडत नाही.

घसरगुंडी आणि चक्री जिना

पहिल्या शनिवारी मी विचारले, “विहीणबाई, रोज थोडे थोडे तेल चोपडले तर एवढा गुंता होणार नाही, नाही का?” त्या हसल्या. परिचारिका असल्यामुळे त्यांना समजावून सांगण्याची सवय आहे. त्यांनी कागद घेतला आणि त्यावर दोन केस काढले, एक माझा, एक नातीचा.

आपला सरळ केस आडवा कापून भिंगाखाली पाहिला तर तो जवळजवळ गोल दिसतो. आफ्रिकी वंशाच्या माणसाचा केस चपटा, लंबगोल असतो आणि ज्या मुळातून तो उगवतो ते मूळही कातडीखाली वळलेले असते. म्हणून केस बाहेर पडतो तोच वेटोळे घेत. आता, डोक्याची कातडी सर्वांचीच थोडेफार तेल तयार करते. माझ्या केसावरून ते तेल घसरगुंडीवरून उतरावे तसे शेंड्यापर्यंत उतरते. नातीच्या केसावर त्याला चक्री जिना उतरावा लागतो. ते अर्ध्या वाटेतच राहते. त्यामुळे मुळाशी तेल आणि शेंड्याला कोरड, अशी स्थिती होते. शिवाय प्रत्येक वळण ही केसाची कमजोर जागा. तार वाकवली की जिथे वाकते तिथेच तुटते, तसेच हे. आपल्याला वाटते की हे केस राठ आणि चिवट असतील. वस्तुस्थिती उलट आहे. हे केस सर्वांत नाजूक.

आणखी एक गंमत. ओल्या केसाची बट विहीणबाईंनी हलकेच ओढून दाखवली तर ती नातीच्या पाठीवर आली. सोडली तर कानापाशी जाऊन बसली. ‘या मुलींचे केस वाढतच नाहीत’ असे जे लोक म्हणतात, त्यांना ही बट दाखवावी. केस वाढतात; वेग आपल्यापेक्षा काहीसा कमी असतो, पण वाढतात. वेटोळ्यांत ते दिसत नाहीत एवढेच, आणि निष्काळजीपणे विंचरले तर वाढतात त्याच वेगाने तुटतात.

माझ्या तेलाच्या प्रश्नाचे उत्तरही यातच आले. या केसांना आधी पाणी हवे आणि मग तेल. तेलाने कोरड जात नाही. आत गेलेले पाणी तेलामुळे टिकते. कोरड्या केसावर नुसते तेल थापले तर वरून चकाकी आणि आत कोरडेच. आणि डोक्याच्या कातडीवर फार तेल साचले तर कोंडा कमी न होता वाढतोच.

शनिवारचा कार्यक्रम

विहीणबाईंची पद्धत मी इथे सविस्तर देते. आज आपली मुले जगभर संसार करीत आहेत. कुणाला नात अशा केसांची असेल, कुणी मूल दत्तक घेतले असेल. आणि आपल्याकडेही कुरळ्या केसांच्या मुली काही कमी नाहीत.

प्रथम केसांचे चार भाग करायचे आणि तीन भाग चिमट्यांनी बांधून ठेवायचे. एका वेळी एकाच भागाशी व्यवहार. तो भाग फवाऱ्याच्या बाटलीने चांगला ओला करायचा, त्यावर सढळ हाताने कंडिशनर लावायचे आणि आधी बोटांनीच मोठे मोठे गुंते सोडवायचे. मग रुंद दातांचा कंगवा. तो लावायचा शेंड्यापासून. शेंडा सुटला की बोटभर वर, तो सुटला की आणखी बोटभर वर, असे करीत मुळापर्यंत जायचे. आपण मुळापासून खाली कंगवा ओढतो, तो या केसांत गुंत्यावर गुंता रचतो. विंचरताना दुसऱ्या हाताने बट मुळाजवळ घट्ट धरायची, म्हणजे ओढ हाताला बसते, पोरीच्या डोक्याला नाही. कोरडे केस कधीही विंचरायचे नाहीत, हा विहीणबाईंचा पहिला कायदा.

न्हाणे आठवड्याने, फार तर दोन आठवड्यांनी. शांपू बोटांनी डोक्याच्या कातडीला लावायचा. केसांना आपोआप पुरेसा लागतो. पंचाने खसखसा पुसायचे नाही, जुन्या सुती बनियनने टिपून घ्यायचे. मग ओलसर केसांना मलम आणि त्यावर तेलाचे बोट. मलमात बहुधा शिया बटर असते. पश्चिम आफ्रिकेतल्या एका झाडाच्या बियांपासून ते काढतात, दिसायला आपल्या थिजलेल्या तुपासारखे. आणि तेल कोणते म्हणाल? एरंडेल! वेस्ट इंडीजच्या बेटांवरून आलेले काळसर एरंडेल कृष्णवर्णीय घरांत केसांसाठी नावाजलेले आहे. लहानपणी ज्याच्या नावाने मी घराबाहेर पळत असे ते एरंडेल मला शिकागोत न्हाणीघराच्या फळीवर मानाने बसलेले दिसले.

यानंतर वेण्या. कधी दोन-दोन पेडांचे पीळ, कधी डोक्यालगत ओळीने घातलेल्या बारीक वेण्या. या ओळीच्या वेण्यांना तिकडे ‘कॉर्नरोज’ म्हणतात, म्हणजे मक्याच्या शेतातल्या सऱ्या. वेणी घट्ट असावी पण ताणलेली नसावी. पोरीला भुवया उचलता आल्या पाहिजेत. कपाळाच्या कडेला बारीक पुटकुळ्या दिसल्या, किंवा रात्री डोके दुखते म्हणून ती रडली, तर वेणी त्याच रात्री सोडायची. मग ती घालायला चार तास लागलेले का असेनात. सतत ताण बसला तर कपाळावरचे आणि कानशिलावरचे केस गळू लागतात, आणि वर्षानुवर्षे तसेच चालले तर ती जागा कायमची उघडी पडते. म्हणून भांगाची जागा बदलत राहायची, आणि मण्यांचे ओझेही बेतानेच. हे मणी मात्र नातीचा जीव की प्राण. ती धावत आली की मण्यांच्या आवाजावरून ओळखू येते.

रात्री डोक्याला साटिनची टोपी, कारण सुती अभ्रा केसांचे तेल शोषून घेतो आणि घासून केस तोडतो. बस्स. मग आठ-दहा दिवस पुष्कळदा कंगव्याला हात लावावा लागत नाही. रोजची पाच मिनिटे वाचवून शनिवारी तीन तास द्यायचे, असा हा हिशेब.

त्या तीन तासांत विहीणबाई गोष्टी सांगतात. त्यांची आई कापूस वेचत असे त्या गोष्टी, रुग्णालयातल्या गोष्टी, चुलत-मावस नात्यांच्या गोष्टी. नातीला घराण्याची जेवढी माहिती आहे ती सारी या तीन तासांतली. एक गोष्ट मात्र त्या कटाक्षाने पाळतात. कितीही गुंता झाला, कंबर कितीही भरून आली, तरी पोरीच्या देखत ‘काय बाई हे केस!’ असा शब्द किंवा उसासा काढायचा नाही. मला त्यांनी हा नियम कंगवा हातात देण्याआधी सांगितला. “हात शिकतात हळूहळू,” त्या म्हणाल्या, “तोंडाला मात्र पहिल्या दिवसापासून वळण हवं.”

तीन पिढ्यांची डोकी

हा नियम त्यांनी का केला ते मला हळूहळू उमगले.

विहीणबाईंच्या लहानपणी, १९६० च्या आसपास, ईस्टरच्या आदल्या शनिवारी त्यांची आई लोखंडी फणी गॅसच्या शेगडीवर तापवीत असे. केसांना मलम चोपडायचे आणि ती तापलेली फणी मुळापासून शेंड्यापर्यंत ओढायची. चर्र आवाज, जळका वास, आणि कान हाताने खाली दाबून धरायचा. कानाच्या पाळीवरचा भाजल्याचा डाग त्यांनी मला दाखवला. एवढे करून केस सरळ होत ते पाण्याचा थेंब पडेपर्यंत. म्हणून पाऊस वैरी आणि पोहणे वर्ज्य. “आईचा राग नाही मला,” विहीणबाई म्हणतात. “सरळ केसांच्या मुलीला जग जरा बरं वागवतं, एवढंच तिला ठाऊक होतं.”

आईला तरी हे कुठून ठाऊक झाले? ही गोष्ट जुनी आहे. पश्चिम आफ्रिकेत केशरचना ही मोठी कला. माणूस कोणत्या जमातीचा, बाई लग्नाची की बिनलग्नाची, हे केसांवरून ओळखू येई. नायजेरियाचे छायाचित्रकार जे. डी. ओखाई ओजेइकेरे यांनी १९६८ पासून बायकांच्या केशरचनांची शेकडो छायाचित्रे काढली. ती पाहिली तर देवळाच्या शिखरावरचे कोरीव काम पाहतो आहोत असे वाटते. गुलाम म्हणून पकडलेल्यांची डोकी पुष्कळदा भादरली जात. पुढे मळ्यांवर ना फणी, ना तेल, ना वेळ. रविवारची काय ती सवड. सुरिनाममधल्या पळून गेलेल्या गुलामांच्या वंशजांत अशी परंपरागत कथा आहे की, त्यांच्या आज्यांनी भाताचे दाणे केसांत लपवून आणले आणि रानात पेरले.

आणि जिथे केस सुंदर दिसत तिथे ते झाकण्याचा हुकूम निघे. १७८६ साली लुइझियानावर स्पेनचा अंमल असताना तिथल्या गव्हर्नरने कृष्णवर्णीय स्त्रियांनी डोक्याला रुमाल बांधलाच पाहिजे असे फर्मान काढले. स्वतंत्र झालेल्या बायकासुद्धा गोऱ्या बायकांच्या बरोबरीच्या दिसू नयेत, हा हेतू. त्या बायकाही वस्ताद! त्यांनी रंगीबेरंगी कापडाचे, आपल्याकडच्या मद्रासी चौकडीचेसुद्धा, असे नखरेल रुमाल बांधले की हुकमाचीच शोभा झाली.

गुलामगिरी १८६५ साली गेली. केसांची प्रतवारी मात्र राहिली. सरळ ते ‘चांगले केस’ आणि कुरळे ते वाईट, ही भाषा कृष्णवर्णीयांच्या स्वतःच्याच घरात शिरली. या काळातली एक बाई लक्षात ठेवण्याजोगी आहे: सारा ब्रीडलव्ह, जिला जग मॅडम सी. जे. वॉकर म्हणून ओळखते. १८६७ साली लुइझियानात गुलामगिरीतून सुटलेल्या आईबापांच्या पोटी तिचा जन्म. सातव्या वर्षी पोरकी, विशीत विधवा, धुणी धुऊन मुलगी वाढवली. स्वतःचे केस गळू लागले म्हणून औषधाच्या शोधात निघाली आणि १९०६ पासून स्वतःच्या नावाने केसांचे मलम विकू लागली. १९१० साली इंडियानापोलिसला कारखाना काढला. हजारो कृष्णवर्णीय बायकांना तिने शिकवून विक्रेत्या केले. लोकांची धुणी धुणाऱ्या बायका स्वतःचे पैसे मिळवू लागल्या. ती १९१९ साली वारली. तापलेली फणी तिनेच शोधून काढली असे पुष्कळ लोक समजतात. ते खरे नाही. केसांची निगा आणि डोक्याची स्वच्छता हे तिच्या धंद्याचे मूळ होते.

साठीच्या दशकाच्या अखेरीस वारे फिरले. काळे ते सुंदर, अशी घोषणा झाली. विहीणबाई तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या. त्यांनी फणी फेकली आणि केस मोकळे वाढवून डोक्याभोवती मोठा गोल केला, त्याला ‘ॲफ्रो’ म्हणतात. तो फोटो त्यांच्या दिवाणखान्यात आहे. आई महिनाभर बोलली नव्हती.

पण सूनबाईंच्या लहानपणी पुन्हा केस सरळ करण्याचे दिवस आले होते. आता फणीऐवजी रसायन. मोठ्या बायकांच्या रिलॅक्सरमध्ये बहुधा कॉस्टिक सोडा असे, साबण करायला वापरतात तोच. मुलींसाठी ‘सौम्य’ म्हणून निघालेल्या प्रकारांत चुन्याचा उपयोग होई, आणि डब्यावर हसऱ्या पोरींची चित्रे. सूनबाईंना आठव्या वर्षी पहिल्यांदा लावले. त्या सांगतात, “डोकं चुरचुरायला लागलं की आपण आकडे मोजायचे. जितकं जास्त सोसू तितके केस सरळ.” नटसम्राट ख्रिस रॉक याच्या धाकट्या लेकीने त्याला विचारले होते की, बाबा, माझे केस चांगले का नाहीत? त्यावरून त्याने २००९ साली ‘गुड हेअर’ नावाचा माहितीपट काढला. त्यात कॉस्टिकमध्ये बुडवलेला सरबताचा ॲल्युमिनियमचा डबा विरघळून जाताना दाखवला आहे. त्याच चित्रपटात आपल्याकडच्या देवस्थानात केस वाहणाऱ्या बायाबापड्याही आहेत. त्या केसांचा लिलाव होतो आणि त्यांतले पुष्कळ अमेरिकेत कृष्णवर्णीय बायकांच्या डोक्यावर जोडले जातात. शिकागोच्या दुकानात ‘इंडियन’ अशी चिठ्ठी लावलेले केसांचे झुपके मी स्वतः पाहिले. नवसाने उतरवलेले केस कुठल्या दुसऱ्या बाईच्या कमीपणावर पांघरूण घालायला जातात, हे पाहून मी बराच वेळ त्या फळीसमोर उभी राहिले.

२०२२ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या शास्त्रज्ञांनी सुमारे ३४ हजार स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. केस सरळ करणारी रसायने कधीच न वापरणाऱ्या स्त्रियांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण सुमारे १.६४ टक्के धरले, तर वारंवार वापरणाऱ्यांत ते ४.०५ टक्के निघाले. एवढ्यावरून रसायनानेच रोग होतो असे सिद्ध होत नाही, हे शास्त्रज्ञही सांगतात. पण विचार करायला लावणारे हे आकडे आहेत. सूनबाईंनी मात्र त्यापूर्वीच, नातीच्या वेळी दिवस गेले तेव्हा, सरळ केलेले सगळे केस कापून टाकले. “मुलीला एक सांगायचं आणि स्वतः दुसरं करायचं, हे कसं जमणार?” असे त्यांचे म्हणणे.

बाहुली आणि फणी

मुलांना हे सारे किती लवकर कळते, याचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. केनेथ क्लार्क आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४० च्या दशकात तीन ते सात वर्षांच्या मुलांपुढे काळ्या आणि गोऱ्या बाहुल्या ठेवल्या आणि चांगली कोणती, वाईट कोणती ते विचारले. बहुसंख्य कृष्णवर्णीय मुलांनी गोरी बाहुली चांगली ठरवली. शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या १९५४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात त्यांच्या संशोधनाचा उल्लेख आहे.

यावर उतारा शोधणारेही आहेत. ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या कार्यक्रमाच्या मुख्य लेखकाने इथिओपियातली मुलगी दत्तक घेतली होती. तो स्वतः गोरा. लेकीला बाहुलीसारखे लांब सोनेरी केस हवेसे वाटू लागले, तेव्हा त्याने आपल्या कुरळ्या केसांवर खूश असलेल्या एका बाहुलीचे गाणे लिहिले. २०१० साली ते आले आणि मोठ्या बायकाही ते ऐकून रडल्या. २०२० साली ‘हेअर लव्ह’ या छोट्या व्यंगपटाला ऑस्कर मिळाले; त्यात एक बाप लेकीचे केस विंचरायला शिकतो. आमच्या चिरंजीवांनी तो पाहिला आणि दुसऱ्या शनिवारी कंगवा घेऊन विहीणबाईंसमोर बसले. त्यांच्या वडिलांनी जन्मात कधी लेकीची वेणी घातली नाही! आता तो दोन-पेडी पीळ माझ्यापेक्षा नीट घालतो.

गेल्या वर्षीची गोष्ट. तिकडच्या शाळांत वर्षातून एकदा प्रत्येक मुलाचा फोटो काढतात, आणि त्या दिवशी मुलांना बारीक दातांचे स्वस्त प्लॅस्टिकचे कंगवे वाटतात. नातीचे केस त्या दिवशी दोन बाजूंना दोन मोकळे गोंडे करून बांधले होते. फोटोवाल्यांबरोबर आलेल्या एका बाईंनी ‘जरा नीटनेटके करू या’ म्हणून तो कंगवा तिच्या केसांत घातला. तो अडकला, मोडला, आणि मुले हसली.

संध्याकाळी तिने हे सांगितले तेव्हा घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. सूनबाई काही न बोलता आत गेल्या. मी विचारले, “मग तू काय केलंस गं?”

“मी सांगितलं, हा कंगवा माझ्या केसांचा नाही. माझा रुंद दातांचा असतो आणि आधी पाणी लागतं.”

“आणि मग?”

“मग त्या सॉरी म्हणाल्या. आजी, कंगवा बारीक होता, त्यात माझ्या केसांची काय चूक?”

विहीणबाई हे ऐकत होत्या. त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ नळ सोडून उभ्या राहिल्या. शेगडीवर फणी तापत असताना त्यांच्या मनात हा प्रश्न कधी आला नसेल. आला असला तरी विचारायची सोय नव्हती. रात्री त्या मला एवढेच म्हणाल्या, “आपले शनिवार फुकट गेले नाहीत, विहीणबाई.”

मामला कोर्टात

सर्वच मुलींना असे एका ‘सॉरी’वर सुटता येत नाही. १९८१ साली एका विमान कंपनीतली कर्मचारी ओळीच्या वेण्या घालण्याच्या हक्कासाठी न्यूयॉर्कच्या कोर्टात गेली आणि हरली. रंग जन्माचा असतो, वेणी घातलेली असते. ती मना करता येते, असा एकूण न्याय. २०१२ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये गॅबी डग्लस ही जिम्नॅस्टिक्सचे वैयक्तिक सर्वांगीण सुवर्णपदक मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय मुलगी ठरली, तर लोक तिचे केस विस्कटलेले होते म्हणून नावे ठेवीत बसले. २०१६ साली दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाच्या मुलींच्या एका शाळेत केसांच्या नियमांविरुद्ध मुलीच उभ्या राहिल्या. त्यांच्यापुढे १३ वर्षांची झुलैखा पटेल होती, आणि अखेर सरकारला ते नियम बाजूला ठेवायला लावावे लागले. दाट केसांवर बसेल अशा मोठ्या पोहण्याच्या टोपीला २०२१ साली आंतरराष्ट्रीय जलतरण संघटनेने नकार दिला आणि २०२२ साली मान्यता दिली. पोहायला न मिळालेल्या विहीणबाईंनी ती बातमी मला मोठ्याने वाचून दाखवली होती.

कायदाही हलला. जुलै २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने प्रथम ‘क्राउन ॲक्ट’ मंजूर केला: केसांच्या पोतावरून किंवा वेण्यांवरून नोकरीत वा शाळेत भेदभाव करता येणार नाही. पुढे वीसहून अधिक राज्यांनी तसे कायदे केले. शिकागोत चार वर्षांच्या एका मुलाला वेण्या घालून यायचे नाही असे शाळेने सांगितले, त्याच्या आईने ते प्रकरण धसाला लावले आणि २०२१ साली इलिनॉय राज्याने शाळांपुरता कायदा केला. साऱ्या देशासाठीचे विधेयक मार्च २०२२ मध्ये खालच्या सभागृहात मंजूर झाले, पण सिनेटमध्ये पार पडले नाही.

आपल्या दारचे काय?

हे वाचून कुणी म्हणेल, त्यांचे प्रश्न त्यांच्यापाशी. पण मी पुण्याला परत आले की वाड्यातल्या, सोसायटीतल्या आयांचे बोलणे जरा कान देऊन ऐकते. कुरळ्या केसांच्या मुलीला आपण सहज ‘झिपरी’ म्हणतो. ‘केस पिंजारून कुठे निघालीस?’ म्हणतो. लग्नाची मुलगी असली की दोन महिने आधी ब्यूटी पार्लरमध्ये जाऊन केस सरळ करून आणतो. आणि ज्यांचे पूर्वज शतकांपूर्वी आफ्रिकेतून आले ते सिद्दी आपल्याच देशाचे आहेत. जंजिऱ्याचे नाव ऐकून आपण त्यांचा इतिहास ऐटीत सांगतो, पण कारवारकडच्या जंगलपट्टीतली एखादी सिद्दी मुलगी आपल्या मुलांच्या वर्गात येऊन बसली तर तिच्या केसांविषयी पोरे काय बोलतील, आणि त्यांनी ते कुठे ऐकलेले असेल, याचा विचार आपणच करायचा आहे.

अशा केसांच्या मुलीचा सांभाळ ज्यांच्या वाट्याला आला असेल त्यांना माझे सांगणे थोडके आहे. रुंद दातांचा कंगवा घ्या, पाण्याची बाटली घ्या, शेंड्यापासून सुरुवात करा. जमत नसेल तर ज्यांच्या घरात हे पिढ्यान्पिढ्या चालत आले आहे अशा बाईकडे जा आणि शिका. विचारायला लाजू नका, त्या आनंदाने शिकवतात. वेळ हाताशी ठेवा. घाईने विंचरलेले केस तुटतात आणि पोर कंगव्याला भिऊ लागते. दुखले की तिला सांगू द्या आणि सांगितले की थांबा.

दिवाळी आली आहे. पहाटे घराघरांत मुलींच्या डोक्याला तेल लागेल. कुणाचे केस सरळ असतील, कुणाचे कुरळे, कुणाचे विरळ. त्या अर्ध्या तासात पोर आपल्या पुढ्यात पाठमोरी बसलेली असते. तिला आपला चेहरा दिसत नाही, पण हात कळतात आणि शब्द ऐकू येतात. विहीणबाईंचा नियम तेवढ्यापुरता आपणही पाळून पाहावा. पाण्याचे हंडे तापेपर्यंत गोष्ट सांगायला वेळ असतोच.